चाललेल्याला हात लावणारा माणूस

सुरत जिल्ह्यात राहून बिनकमाईचा छंद पाळायचा म्हणजे छाती लागते. तुम्ही काहीही करताना दिसा, अगदी गच्चीवर कबुतरांना दाणे टाकत असलात तरी, जाणारा माणूस स्कूटर थांबवून विचारतो, "आमां शुं मळे?" यातून मिळतं काय? विचारण्यात कुचकेपणा अजिबात नसतो. मिळत असेल तर तोही उद्यापासून सुरू करणार असतो. मी घरात कॉम्प्युटर उघडून बसतो, वेबसाइटी बांधतो, राउटरला खोल्याखोल्यांतून फिरवतो. कामरेजला राहायला आल्यापासून हा प्रश्न मला वॉचमनने विचारला, दूधवाल्याने विचारला, आणि भिंतीला भिंत लागून राहणारे हिरेदलाल शेठ तर दर दिवाळीला चोपडापूजन आटोपलं की नेमाने विचारतात. वर्ष बदललं, वही बदलली, तेव्हा माझं उत्तरही बदललं असेल अशी त्यांना आशा असते.

"काही नाही मिळत, शेठ."

"कंई ज नहीं?" शेठ हळहळतात आणि मला एक काजूकतली जास्त देतात.

माझी सगळी नोकरी पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये हिशेब लिहिण्यात गेली. मूळचा मी खानदेशी. तापी भुसावळवरून वाहत कामरेजला येते आणि पुढे सुरतेला जाते. आम्ही खानदेशातली माणसंही पोटामागे त्याच दिशेनं आलो. फरक इतकाच, की ती पुढे समुद्राला मिळाली आणि मी निवृत्त झाल्यावर उलटा फिरून कामरेजला रो-हाउस घेतलं. हायवे जवळ, हवा मोकळी, मुलीला पुण्याहून यायला सोपं, अशी कारणं मी चारचौघांत सांगतो. खरं कारण असं, की शहरातल्या दोन खोल्यांत माझ्या वायरी आणि बायको या दोघींचं पटेनासं झालं होतं.

आमच्या घरात दोन पक्ष आहेत. बायकोच्या पक्षाचा जाहीरनामा एका ओळीचा: "चालतंय ना? मग हात लावू नका." माझ्या पक्षाचं म्हणणं, चालतंय याचा अर्थ याहून बरं चालू शकतं. निवडणूक झाली तर माझं डिपॉझिट जाईल. कारण घरात आजवर जे जे बंद पडलं ते मी हात लावायच्या आदल्या मिनिटापर्यंत उत्तम चालू होतं, याची यादी तिला तोंडपाठ आहे आणि पाहुणे आले की ती चहाबरोबर ऐकवते. इस्त्री, मिक्सर, टीव्हीचा रिमोट, दारावरची बेल. बेल अजूनही वाजते म्हणा, पण वाजली की राउटर बंद पडतो. कसा, त्याचा शोध चालू आहे. तोवर पाहुण्यांनी कडी वाजवावी, अशी चिठ्ठी मी दारावर चिकटवली आहे.

हा रोग जुना. १९९५च्या पंधरा ऑगस्टला देशात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झालं आणि ते सुरतेच्या सायबर कॅफेत पोचून माझ्या खिशाला लागेपर्यंत १९९८ उजाडलं. मिलच्या सुट्टीच्या दिवशी मी कॅफेत जाऊन जिओसिटीजवर फुकट घर घेतलं. घर म्हणजे वेबपान. पण ती कंपनीच वस्त्या पाडून जागा वाटायची. सिनेमावाल्यांना हॉलिवूड, यंत्रवाल्यांना सिलिकॉन व्हॅली, आणि विद्येची आवड असणाऱ्यांना अथेन्स. प्रत्येक वस्तीत घरांना नंबर. म्हणजे उधन्यात मी भाड्याच्या खोलीत राहत होतो आणि अथेन्समध्ये, ॲक्रोपोलिस भागात, माझं स्वतःचं घर होतं. खोलीचा मालक थकलेलं भाडं मागायला आला की मला आतल्या आत हसू यायचं. त्यानं बिचाऱ्यानं अथेन्स पाहिलंही नव्हतं.

ते घर मी हौसेनं सजवलं. उजवीकडून डावीकडे पळणारी अक्षरं, उघडझाप करणारी अक्षरं, तळाशी किती माणसं येऊन गेली ते सांगणारा आकडा, आणि मधोमध फावडं मारणारा एक चिमुकला मजूर: काम चालू आहे. काम चालू आहे, एवढाच त्या पानावरचा मजकूर होता. पण मराठीत होता! म्हणजे, माझ्याकडे मराठीत होता. त्या काळी मराठी दिसायला वाचणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरही तोच शिवाजी फॉन्ट असावा लागे. नसला तर पडद्यावर नुसता चिन्हांचा कचरा. म्हणून मी पानाच्या माथ्यावर ठळक सूचना दिली होती, की हे पान वाचण्यासाठी आधी अमुक ठिकाणाहून फॉन्ट उतरवून घ्यावा. सूचनाही शिवाजी फॉन्टमध्येच होती. भुसावळच्या मामांनी कॅफेत पदरचे पैसे मोडून ते पान उघडलं आणि मला पोस्टकार्ड टाकलं: "तुझे पान पाहिले. प्रकृतीस जपणे."

जिओसिटीज १९९९ साली याहूनं विकत घेतली आणि २००९च्या ऑक्टोबरात मोडीत काढली. हॉलिवूड, सिलिकॉन व्हॅली, अथेन्स, सगळं गेलं. घरात सुतक मी एकट्यानं पाळलं.

मधे २००६चा पूर येऊन गेला. तेव्हा आम्ही अडाजणला तळमजल्यावर होतो. उकाई धरणातून पाणी सोडलंय, असं कळल्यावर बायको म्हणाली, "मी शेजारच्या आजींना वर पोचवून येते, तोवर तुम्ही महत्त्वाच्या वस्तू माळ्यावर चढवा." माळा लहान. मी कॅबिनेट चढवलं, तो बारदानाएवढा जड मॉनिटर चढवला, की-बोर्ड, स्पीकर, माउस, आणि माउसच्या खालचं पॅड. तांदूळ, गहू, तूरडाळ खाली राहिली. त्या ऑगस्टमध्ये अर्ध्या शहरानं फार सोसलं, त्याची थट्टा करवत नाही. आमचं नुकसान त्यामानानं किरकोळ. पण "माउसचं पॅड?" हे दोन शब्द बायको आजही वर्षातून दोन-चारदा उच्चारते. भांडण कशावरूनही चालू असो, मामला लग्नाच्या आहेराचा असो की भाजीतल्या मिठाचा, हे दोन शब्द आले की खटला निकालात निघतो.

कामरेजच्या घराला वर-खाली खोल्या असल्यानं वायफायचा प्रश्न आला. राउटर बसवायला आलेल्या पोरानं तो खालच्या खोलीत लोखंडी कपाटामागे ठोकला, कारण त्याची वायर तिथवरच पुरली. लोखंडाच्या पत्र्यापुढे रेडिओ लहरींचं काही चालत नाही. हे मी बायकोला शास्त्रशुद्ध समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरात आधी कोण आलं? कपाट की राउटर?" सेवाज्येष्ठतेनं कपाट राहिलं.

मी राउटर स्वयंपाकघराशेजारी नेला. तर रोज बरोबर जेवायच्या वेळी इंटरनेट जायला लागलं. वाटलं, कंपनीचा माणूस जेवायला जाताना बटण बंद करून जातो की काय! मग उलगडा झाला. भाजी गरम करायचा मायक्रोवेव्ह आणि वायफाय, दोघंही २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच नांदतात. मी जाहीर केलं, की आजपासून भाजी गॅसवर गरम करायची. बायकोनं जाहीर केलं, की आजपासून भाजी तुम्ही गरम करायची. राउटर जिन्यात गेला. जिन्यावर पाण्याची टाकी, आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. टाकी भरली की वरच्या खोलीत इंटरनेट बंद, रिकामी झाली की चालू; म्हणजे आंघोळ तरी करा नाहीतर मेल तरी पाहा.

अखेर सापडला तो झोपाळा. इथे घर म्हटलं की हिंचको आलाच. ओसरीच्या छताला कड्या बिल्डरच ठोकून देतो. आमच्या झोपाळ्यावर वायफाय उत्तम येतं. नेमकं बोलायचं तर, झोपाळ्याच्या पुढच्या टोकाला उत्तम येतं. झोका पुढे गेला की तीन कांड्या, मागे आला की एकही नाही. मुलगी पुण्याहून व्हिडिओ कॉल करते तेव्हा झोका पुढे: "अगं, परवा तुझी आत्या आली होती ना, तर ती..." झोका मागे. पडद्यावर तोंड उघडं टाकून गोठलेली आई. झोका पुढे: "...म्हणून मी म्हटलं, जाऊ दे, कुणाला सांगायचं नाही!" आत्यानं केलं काय, ते मागच्या टोकाला सांडलेलं. मुलगी म्हणते, "आई, परत सांग." आई परत सांगते. आत्या परत मागच्या टोकाला जाते. अशी आमच्या घराण्यातली बरीच गुपितं केवळ वायफायमुळे सुरक्षित राहिली आहेत.

यावर मी उपाय काढला. झोका पुढे गेला की तो तिथेच पायानं अडवून धरायचा. बायको झोपाळ्यावर बसून बोलते आहे आणि मी एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायानं झोपाळा पेलतो आहे. आत्याची हकिकत लांबत गेली, माझी मांडी थरथरायला लागली. तेव्हा बायको म्हणाली, "अहो, त्यापेक्षा मीच तिथे खुर्ची टाकून बसते की!" बसली. कॉल शेवटपर्यंत झकास चालला. इतकं सरळ उत्तर निघाल्यावर छंदाला काही अर्थच उरेना, म्हणून दुसऱ्या दिवशी मी राउटर तिथून हलवला.

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या, त्यावरून घराचं अर्थिंग करायला काढलं. वायरमन म्हणाला, खड्डा करून तांब्याची पट्टी पुरा, भोवती मीठ आणि कोळसा भरा, अधूनमधून पाणी घालत जा. झिणझिण्या गेल्या. पण न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात किती व्होल्ट शिल्लक राहतात, याची आता मला चटक लागली होती. दोन-तीनच्या आत असावेत असं म्हणतात. मी मल्टिमीटर घेतला आणि सकाळी दात घासायच्या आधी मोजायला लागलो. घरी आलेल्यांना बाकी कुणी साखरेचे, रक्तदाबाचे आकडे सांगतात. मी सॉकेटचा आकडा सांगायचो. इकडे बायकोनं त्या खड्ड्याला रोज पाणी मिळतंय म्हणून कडेला पुदिना लावला. मीठ खाऊन पुदिना मेला. तिच्या यादीत आता एक वनस्पतीही आहे.

इथवर जे सांगितलं ती किरकोळ दुरुस्ती. माझं मोठं काम म्हणजे कामरेजच्या इतिहासाची वेबसाइट. ज्या गावात राहतो त्याला लोक फक्त टोलनाका आणि चार रस्ता म्हणून ओळखतात, हे मनाला लागत होतं. खरं तर पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक समुद्रवर्णनात कम्मोनी म्हणून गाव येतं, ते आपलं कामरेजच, असं काही अभ्यासक मानतात. त्यात एक फार गोड गोष्ट आहे. भडोचकडे जाणारी गलबतं खाडीच्या तोंडाशी वाळूत रुतायची. म्हणून राजाच्या नोकरीतले कोळी होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जायचे आणि त्यांना वाट दाखवत आत आणायचे. दोन हजार वर्षांपूर्वी अडकलेल्याकडे माणूस स्वतः होडी वल्हवत यायचा. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं न सांगता! आणि जवळचा इतिहास बघायचा तर हा तालुका बडोद्याच्या गायकवाडांच्या नवसारी प्रांतात होता, १९४९ साली बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत. हे मी शेठना छाती फुगवून सांगितलं.

"एटले आ बधी जमीन गायकवाडनी?"

"हो!"

शेठ विचारात पडले. "पछी वेची केटलामां?"

वेबसाइट मला भाड्याच्या जागेत नको होती, घरचीच हवी होती. जिओसिटीजचे चटके होते. रास्पबेरी पाय नावाचा एक पत्त्याएवढा कॉम्प्युटर मिळतो. तो पहिल्यांदा बाजारात आला २०१२च्या एकोणतीस फेब्रुवारीला, म्हणजे वाढदिवसही चार वर्षांतून एकदाच, खर्च कमी. तो मी खाकऱ्याच्या प्लॅस्टिकच्या डब्यात भोकं पाडून बसवला. डबा स्वयंपाकघराच्या फळीवर. एका पाहुणीनं खाकरा समजून डबा उघडला. आतला लाल दिवा डोळे मिचकावत होता. बाईंनी डबा बंद केला आणि नुसता चहा घेतला.

या डब्याला शत्रू फार. सर्वांत मोठा शत्रू शेठांच्या घरची घरघंटी. रविवारी सकाळी त्यांच्याकडे बाजरी दळायला घेतली की आमच्याकडे दिवा मंद होतो आणि कामरेजचा इतिहास बंद पडतो. वीज अशी अचानक गेली की त्यातलं मेमरी कार्ड कधी कधी कायमचंच रुसतं. एकदा रुसलंच. जुने लेख शिवाजी फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणून ठेवले होते, ते सगळे गेले, परत आणावे लागले. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामचा त्यात कायम गोंधळ. मुख्य पानावर मोठ्या अक्षरांत उमटलं: 'कामरेजचा इितहास'. महिनाभर ते तसंच होतं. कुणी काही म्हणालं नाही, यावरून किती जण वाचतात याचा अंदाज यायला हवा होता.

पण साइट डब्यात चालली तरी बाहेरच्याला दिसेना. इंटरनेट कंपनीच्या मदतक्रमांकावर फोन केला. "सर, एक बार राउटर बंद करके चालू कीजिए।" केला. "अब?" म्हटलं, बाबा रे, मला साइट बघायची नाही, दाखवायची आहे. पलीकडे शांतता. मग, "सर, एक बार फिर बंद करके चालू कीजिए।"

कारण मीच खणून काढलं. जुन्या पद्धतीचे इंटरनेटचे पत्ते जगात एकूण ४२९ कोटींच्या आसपास. त्यांचे शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. तेव्हापासून कंपन्या काय करतात, तर शेकडो घरांना मिळून एकच खरा पत्ता देतात आणि आत प्रत्येकाला १००.६४ वगैरेनं सुरू होणारा एक खासगी आकडा. म्हणजे सोसायटीच्या गेटवर कुरिअरवाला येतो, पण पाकिटावर घर नंबरच नाही. वॉचमन म्हणतो, कुणाचं आहे ते माहीत नाही, जा परत. आतून आपण पाकीट पाठवू शकतो, बाहेरून आपल्याला कुणी नाही. शहाण्यांनी तोड सांगितली: मुंबईतल्या एखाद्या मोठ्या यंत्रगृहात छोटा कॉम्प्युटर भाड्यानं घ्या, घरच्या डब्यापासून तिथवर बोगदा खणा, लोक तिथे येतील आणि बोगद्यातून डब्यात उतरतील. महिन्याला भाडं. मी घेतलं. बायकोला सगळी योजना कागदावर बाण काढून दाखवली. तिनं बराच वेळ कागद पाहिला.

"म्हणजे मुंबईला खोली घेतली आहे?"

"हो."

"मग साइट त्या खोलीतच का नाही ठेवत?"

कागद मी घडी करून खिशात ठेवला. बायकांना तंत्रज्ञान समजत नाही असं म्हणणाऱ्यांनी आमच्या घरी एकदा चहाला यावं. कडी वाजवावी.

साइट सुरू झाली आणि आठवड्यात पाहुण्यांची रांग लागली. नोंदवही उघडून पाहतो तो ब्राझील, रशिया, नेदरलँड्स! रात्री तीन वाजता सिंगापूर! मी शेठना हाक मारून दाखवलं. शेठ पहिल्यांदाच माझ्या पडद्यासमोर नीट खुर्ची ओढून बसले. "आटला बधा आवे छे, तो कंईक वेचो ने!" त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी पहिल्यांदा आदर दिसला. तो मला दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की हे सगळे पाहुणे एकच पान मागतात, आणि ते पान माझ्याकडे नाहीच. वर्डप्रेसवाल्यांच्या मागच्या दाराचं ते पान. माझ्या साइटला मागचं दारच नाही. तरी ही यंत्रं जगभरातून येतात, नसलेल्या दाराची कडी वाजवतात, 'ॲडमिन' असं नाव सांगतात, एक ते सहा आकडे म्हणून बघतात आणि निघून जातात. कम्मोनीबद्दल अवाक्षर नाही. शेठना मी हे अजून सांगितलेलं नाही. आदर पुन्हा मिळायला दिवाळी यावी लागेल.

खरी माणसं आली ती मुलीच्या सासरची, आणि नेमकी नको तेव्हा. साइटला सुरक्षिततेचं एक प्रमाणपत्र लागतं, फुकट मिळतं, पण नव्वद दिवसांनी नवं काढायचं. ते डब्यानं आपोआप काढायचं असतं. त्या वेळी डब्यानं काढलं नाही, बहुधा बाजरी चालू असावी. विहीणबाईंनी मोठ्या कौतुकानं पत्ता टाकला, तर पडद्यावर लाल खूण आणि खाली इशारा: हल्लेखोर तुमची माहिती चोरण्याचा प्रयत्न करत असतील. त्यांनी मुलीला विचारलं, "तुझे बाबा रिटायर झाल्यावर नेमकं करतात काय?"

आणि मग जानेवारी आला. चौदाला उत्तरायण, पंधराला वासी उत्तरायण. त्या दोन दिवसांत अख्खं कामरेज गच्चीवर असतं. खाली उंधियू, वर पतंग, आणि मधल्या हवेत आमच्या इंटरनेटची वायर. ती खांबावरून शेठांच्या गच्चीवर येते, तिथून आमच्या. दुपारी "काइपो छे!" असा जल्लोष झाला आणि मी कुणाचा तरी पतंग कटला म्हणून टाळ्या वाजवल्या. कटलं होतं ते इंटरनेट. मांज्यात वायर अडकली होती आणि पलीकडच्या गल्लीतली पोरं खेच-खेच म्हणून ओढत होती. लाइनमनला फोन केला. मागून त्याच्याही गच्चीवरचा ढोल ऐकू येत होता. "काका, वासी उत्तरायण पछी!"

सोळालाही तो आला नाही. सगळ्या तालुक्याच्या वायरी त्यालाच जोडायच्या होत्या. आला तेव्हा मात्र मी त्याच्या शेजारी ओट्यावर मांडी ठोकून बसलो, कारण असला देखावा रोज मिळत नाही. त्यानं काळं आवरण सोललं. आत पिवळसर धागा, तो सोलल्यावर आत काच. सव्वाशे मायक्रॉन जाडीची, आणि प्रकाश वाहतो तो तिचा गाभा अवघा नऊ मायक्रॉनचा. स्पिरिटच्या बोळ्यानं ती पुसली तेव्हा बारीक किर्र आवाज आला. एका छोट्या कातरयंत्रात ठेवून टक् करून टोक सरळ तोडलं. उडालेला काचेचा तुकडा चिमटीनं उचलून त्यानं जपून डबीत टाकला; पायात गेला तर सापडत नाही, म्हणाला. दुसऱ्या टोकाचंही तसंच. मग दोन्ही टोकं समोरासमोर पेटीत ठेवून झाकण लावलं. पेटीच्या पडद्यावर ती मोठी होऊन दिसायला लागली, दोन्ही बाजूंनी सरकत आली, क्षणभर थबकली, वर-खाली होऊन एका रेषेत आली. मधे निळसर ठिणगी. रेघ अखंड. पडद्यावर आकडा: ०.०१.

मी हात पुढे केला.

"काका, अडता नहीं."

"नाही, नाही. फक्त बघतोय. पॉवर किती येते आता?"

त्यानं मीटर लावला. उणे एकोणीस.

"याहून बरी नाही का येणार? त्या पलीकडच्या जोडावर थोडं..."

"काका, चाले छे ने?"

"हो, चालतंय, पण..."

"तो पछी?"

स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली, त्या पोरासमोर उंधियूची वाटी ठेवली आणि वर दोन पुऱ्या जास्त दिल्या. पक्षाला तरुण कार्यकर्ता मिळाला होता.

इंटरनेट आलं, पण मुंबईच्या खोलीपर्यंतचा बोगदा आपोआप उघडला नाही. आत जाऊन एक आज्ञा द्यायची, दोन मिनिटांचं काम. ते करायला बसलो तेव्हा आधी मेल उघडला. अमळनेरच्या एका गृहस्थांचं पत्र होतं. "आपली कामरेजवरील वेबसाइट चार दिवसांपासून उघडत नाही. गायकवाडांच्या नवसारी प्रांताबद्दलचा भाग अर्धा वाचून झाला होता. कृपया लक्ष घालावे."

मी पत्र बायकोला वाचून दाखवलं. मग मोठ्यानं पुन्हा वाचलं, भिंतीपलीकडे शेठना ऐकू जाईल इतपत. अर्धा वाचून झाला होता! म्हणजे माणूस होता. अमळनेरचा, जिवंत, वाचणारा, आणि साइट चालू असताना वर्षभरात ज्यानं चकार शब्द काढला नव्हता असा.

"मग करा की आता चालू," बायको म्हणाली. "वाट बघताहेत ते."

"करतो. उद्या करतो."

"आज काय झालं?"

"आणखी कुणाची तक्रार येते का, ते बघू या ना जरा."